पाऊस आभाळाच्या हाती, भूक कुणाच्या हाती?



आपल्या भाषेत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पाऊस आला नाही, विहिरी आटल्या, पीक करपले तरी दुष्काळ. आणि माणसे अन्नावाचून खंगली, मेली तरी दुष्काळच. शिवाय हा दुष्काळ नेहमी ‘पडतो’. गारा पडतात, वीज पडते, तसा. तो कुणी पाडत नाही. त्यामुळे बोलता बोलता असे होते की पाऊस नव्हता म्हणून माणसे उपाशी राहिली, एवढ्यावर विषय संपतो आणि सगळी जबाबदारी आभाळावर टाकून आपण मोकळे होतो. आभाळावर काही मोर्चा नेता येत नाही.

या वेळी हे दोन अर्थ सुटे करून पाहावेत असे आम्हांला वाटले. पाऊस न येणे ही एक गोष्ट. घरात दाणा नसणे ही दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंत जी वाट जाते तिच्यावर जमिनीची मालकी, बाजार, मजुरी, सरकार, युद्ध आणि शेवटी घरातली ताटे अशी ठाणी लागतात. प्रत्येक ठाण्यावर कुणीतरी माणूस निर्णय घेत असतो. त्या निर्णयांत बाईच्या वाट्याला काय आले, हे आपल्याला वेगळे विचारावे लागते. कारण दुष्काळाच्या बहुतेक अहवालांत ‘कुटुंब’ असते, बाई नसते.

उदाहरण म्हणून आम्ही इथिओपिया घेतला आहे. उपासमार म्हटले की जगाच्या डोळ्यांसमोर हाच देश येतो. पण नीट पाहिले तर याच देशाच्या गेल्या पन्नास वर्षांत भूक कशी तयार होते आणि कशी टळते, या दोन्हींचे धडे आहेत. वोलो आणि तिग्राई हा त्याचा उत्तरेकडचा मुलूख उंच, डोंगराळ आणि बराचसा उजाड. शेती बैलाच्या नांगराने आणि पावसाच्या भरवशावर. टेफ नावाचे अगदी बारीक दाण्याचे धान्य, ज्वारी, बार्ली ही पिके. टेफचे पीठ आंबवून त्याचा मोठा घावनासारखा पदार्थ करतात, तो म्हणजे इंजेरा. निवडणे, दळणे, आंबवणे, भाजणे, लांबून पाणी आणणे आणि डोंगरातून सरपण आणणे हे सारे बायांचे काम. आपल्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या बाईला हा दिवस काही परका वाटणार नाही.

१९७२ आणि १९७३ साली वोलोत पाऊस फसला. त्या वेळी तिथे सम्राट हैले सेलासी यांची राजवट होती. किती माणसे मेली याचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या १९८१ च्या पुस्तकात त्या काळाचे आकडे तपासले. त्यांतून दिसले ते असे, की देशातले एकूण धान्य फारसे घटलेले नव्हते. वोलोतल्या देसीए शहराच्या बाजारात धान्याचे भावही फार चढलेले नव्हते. हे ऐकून आधी नवल वाटते. पण ज्याचे पीक बुडाले त्याची मिळकतही बुडाली. बाजारात जायला त्याच्याजवळ पैसाच नाही, तर मागणी कुठून येणार आणि भाव कसा चढणार? उलट वोलोतून काही धान्य अदिस अबाबा आणि अस्मारा या शहरांकडे गेले. भुकेल्या गावांजवळच्या रस्त्याने धान्याच्या मोटारी बाहेर गेल्या, कारण मोटार पैशाच्या दिशेने जाते.

सगळ्यांत आधी कोण उघड्यावर आले? शेतकऱ्यांच्या घरी राबणारे गडी, मोलकरणी आणि आश्रित. घरातले धान्य कमी होताच मालकांनी त्यांना घराबाहेर काढले. त्यांच्याकडे जमीन नव्हती, मजुरी थांबली होती. दुसरे बळी अफार लोक. हे गुरे, उंट, शेळ्या पाळणारे. आवाश नदीकाठची गवताळ जमीन हा कोरड्या दिवसांतला त्यांचा आधार होता. तिथे सरकारच्या आशीर्वादाने आणि परदेशी भांडवलाने कापसाचे आणि उसाचे मळे उभे राहिले होते. पाऊस गेला तेव्हा नदीकाठ होता तिथेच होता, पण तो आता त्यांचा राहिला नव्हता. त्यातच जनावरांचे भाव कोसळले. एरवी एक गाय विकून जेवढे धान्य यायचे त्याचा थोडासा भाग पदरात पडू लागला. कापूस, ऊस आणि नदीचे पाणी ही गोष्टसुद्धा आपल्या ओळखीचीच आहे.

सम्राटाची राजवट १९७४ च्या सप्टेंबरमध्ये कोसळली. तिच्या जागी आलेल्या लष्करी सत्तेने जमीनदारी मोडली, हे खरे. पण १९८४ साली पाऊस पुन्हा फसला तेव्हा उपासमार आधीपेक्षाही भयंकर झाली. मृत्यूंचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत. देशाच्या स्वतःच्या मदत आयोगाने त्या वर्षी मार्चमध्येच जगाला इशारा दिला होता. सरकार मात्र सप्टेंबरमधल्या क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या थाटामाटात गुंतले होते. उत्तरेत तिग्राई आणि इरिट्रियात बंडखोरांशी युद्ध चालू होते, आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात धान्य पोहोचू न देणे हा त्या युद्धाचाच भाग होता. दोन लाखांच्या आसपास माणसे तिग्राईतून चालत सुदानला गेली. सुमारे सहा लाखांना सरकारने देशाच्या नैर्ऋत्येला नेऊन वसवले, कित्येकांना बळजबरीने. जगाने दूरचित्रवाणीवर उपाशी माणसांच्या रांगा पाहिल्या, गाण्यांचे कार्यक्रम झाले, पैसे जमले. सर्वांना वाटले की इथे पाऊस पडला नाही म्हणून हे झाले. युद्ध मात्र पडद्यावर फारसे आले नाही.

आता याच सुमारास आपल्या घरात काय चालले होते ते पाहू. १९७० ते १९७३ अशी लागोपाठ वर्षे महाराष्ट्राला कोरडी गेली आणि १९७२-७३ साली तर धान्याचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच काळात आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही, म्हणजे मॉरिटानिया, माली, नायजर, चाड या भागात, दीर्घ अवर्षण होते आणि तिथे माणसे मोठ्या संख्येने मेली. ज्याँ द्रेझ यांनी या दोन्ही ठिकाणांची तुलना केली आहे. उत्पादनाची घसरण साहेलपेक्षा महाराष्ट्रात मोठी होती. तरीही साहेलसारखी प्राणहानी महाराष्ट्रात झाली नाही. याचे कारण आपल्या मागच्या पिढीने स्वतःच्या अंगावर झेलले आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्त्यावर माती टाकणे, पाझर तलाव, नालाबांध. त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. हातात मजुरी आली म्हणून बाजारातले धान्य विकत घेता आले, आणि विकत घेणारा उभा राहिला म्हणून धान्य खेड्यांकडे आले. वोलोत जे उलट झाले ते इथे सुलट झाले.

ही कुणाची मेहेरबानी नव्हती. जुनी माणसे अजून लाल मिलोची आणि सुकडीची आठवण काढतात, तशी मोर्चांचीही काढतात. कामे उघडा, मजुरी वेळेवर द्या, रेशनवर धान्य द्या यासाठी तहसील कचेऱ्यांवर हजारोंनी माणसे गेली. मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथिणींनी महागाईविरोधात बायांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. शहाद्याच्या परिसरात भिल्ल बायांनी जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्याबरोबरच दारूचे गुत्ते फोडले. आज आपण ज्याला स्त्री-चळवळ म्हणतो तिच्या मुळांना याच दुष्काळाची माती आहे. या सगळ्या दाबातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काम मागणे हा त्यात नागरिकाचा हक्क ठरला. खर्चाचा एक भाग शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून उभा राहिला. पुढे २००५ साली देशभरासाठी जो कायदा झाला त्यामागे हा अनुभव होता.

इथिओपियानेही आपल्या अनुभवातून काही शिकून घेतले. २००५ साली तिथे सरकारने दरवर्षी टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबांना रोख किंवा धान्य देण्याची कायमची योजना सुरू केली. ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांनी बांधबंदिस्तीची, पाणलोटाची, रस्त्यांची कामे करायची. म्हातारी माणसे, अपंग आणि गरोदर-बाळंत बाया यांना कामाशिवाय मदत द्यायची. लाखो कुटुंबे तिच्यात आली. तिग्राईत गावकऱ्यांनी वर्षातले काही दिवस श्रमदान करून डोंगरउतारांवर दगडी बांध घातले, चराई बंद करून झाडे वाढू दिली. अब्रेहा वे अत्स्बेहा या एका गावाच्या अशा कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. २०१५-१६ साली एल निनोमुळे तिथे कित्येक दशकांतले मोठे अवर्षण आले आणि एक कोटीहून अधिक लोकांना तातडीच्या अन्नाची गरज पडली. हाल झाले, मुले आजारी पडली, गुरे मेली. पण १९८४ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मग २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिग्राईत युद्ध पेटले. पिके जाळली गेली, नांगराचे बैल मारले गेले, रस्ते, बँका, वीज बंद करून नाकेबंदी झाली. सैनिकांनी बायांवर बलात्कार केले. संयुक्त राष्ट्रांच्या तपासात त्याची नोंद आहे. २०२१ च्या जूनमध्ये साडेतीन लाख माणसे उपासमारीच्या अगदी शेवटच्या पायरीवर असल्याचे संयुक्त राष्ट्रांशी संबंधित यंत्रणांनी जाहीर केले. दगडी बांध घातलेले तेच डोंगर, तीच माणसे. पाच वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या अवर्षणाने जे झाले नव्हते ते बंदुकीने करून दाखवले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शांतता करार झाला. पण पुढच्याच वर्षी, मदतीचे धान्य भलतीकडे वळवले जात असल्याचे उघडकीला आले म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने आणि अमेरिकेने आधी तिग्राईतले आणि मग साऱ्या देशातले अन्नवाटप काही महिने थांबवले. चोरी वरच्यांनी केली आणि उपास घडले ते रांगेतल्या बाईला. २०२५ साली तर अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्थाच गुंडाळली. दुसऱ्याच्या दयेवर ज्यांचे पोट चालते त्यांचे पोट दुसऱ्याच्या लहरीवरही बंद होते, हा या सगळ्याचा अर्थ.

एवढे झाल्यावर घराचा उंबरठा ओलांडून आत जाऊ. दुष्काळात पुरुषांपेक्षा बाया जास्त मरतात असे काही दिसत नाही. अनेक मोठ्या दुष्काळांच्या नोंदी उलटेच सांगतात, पुरुषच जास्त मेले. पण बाई तगली यावरून तिला कमी सोसावे लागले असे कुणी समजू नये. ती जी भूक सोसते ती वेगळ्या जातीची असते, आणि तिची सुरुवात अवर्षणाच्या फार आधी झालेली असते.

इथिओपियाच्या उत्तरेत बाईने नांगर धरू नये अशी रूढी आहे. आपल्याकडेही अनेक भागांत ती आहेच. याचा परिणाम असा होतो की विधवा किंवा टाकलेल्या बाईच्या नावावर जमीन असली तरी ती नांगरायला तिला पुरुष शोधावा लागतो. घरात तो नसेल तर जमीन वाट्याने द्यायची आणि पिकाचा मोठा हिस्सा त्याच्या घरी जाऊ द्यायचा. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा तिच्या कणगीत अर्धेच धान्य. अवर्षणाच्या वर्षी त्या अर्ध्याचे काय होणार? पाऊस सगळ्यांच्या शेतावर सारखाच चुकला, पण तिच्या घरातली भूक आधी आली.

मग पुढची पायरी. अंगावरचा डाग विकायचा, शेळ्या-कोंबड्या विकायच्या. घरात आधी विकली जाते ती बहुधा बाईच्या ताब्यातली वस्तू. पाणी लांब जाते, म्हणून मुलीची शाळा सुटते. पुरुष कामाच्या शोधात गाव सोडतो, आणि मागे म्हातारी, मुले, गुरे बाईच्या गळ्यात. ताटे कमी होतात तेव्हा पहिले ताट तिचेच कमी होते, आणि याला कुणी सक्ती केली असे म्हणायचीही सोय नसते, कारण ती स्वतःच म्हणते, मला भूक नाही. त्यानंतर मुलीचे लग्न. २०२० च्या अखेरीपासून आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात, म्हणजे इथिओपिया, सोमालिया, केनिया या भागात, लागोपाठ पाच पावसाळे फसले. २०२२ च्या जूनमध्ये युनिसेफने सांगितले की इथिओपियाच्या होरपळलेल्या भागांत बालविवाह आदल्या वर्षीच्या तुलनेत दुपटीहून जास्त झाले. खाणारे एक तोंड कमी आणि देजाची थोडी जनावरे घरात, असा तो हिशेब. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतही मुलीचे लग्न लवकर उरकतात. हिशेबाची मांडणी थोडी वेगळी, पण खर्ची पडते ती मुलगीच.

आणि आता जरा स्वतःकडेही पाहायला हवे. १९७३ साली आपण मोठी उपासमार टाळली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चौपन्न बाया रक्तक्षयाने ग्रासलेल्या. इथिओपियात २०१९ च्या पाहणीत खुज्या मुलांचे प्रमाण शंभरात सदतीस होते. ज्या देशाची छायाचित्रे पाहून आपण हळहळतो त्या देशात आणि आपल्या राज्यात या बाबतीत केवळ दोनाचा फरक! जी भूक एकदम येते आणि रस्त्यावर माणसे पाडते ती बातमी होते. तिच्यामुळे सरकारे हलतात. जी रोज थोडी थोडी येते, बाईच्या रक्तात आणि मुलाच्या हाडांत बसते, तिच्यासाठी कुठलीही तहसील कचेरी रात्री उघडी राहत नाही. पहिली भूक थांबवायला आपण शिकलो. दुसरीला अजून आपण भूक म्हणायलाही तयार नाही.

मग उपाय कोणते? आमच्या मते या साऱ्या अनुभवातून चार गोष्टी पुढे येतात.

पहिली, जमीन आणि पाणी. इथिओपियात जमीन सरकारच्या मालकीची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा. १९९८ पासून तिथे या हक्काचे दाखले द्यायला सुरुवात झाली. अम्हारासारख्या प्रांतांत त्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचीही नावे आणि दोघांचेही फोटो लावले गेले. कागद असला तर घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तरी बाईला बोट दाखवायला जागा राहते. आपल्याकडे १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करायला लावली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. तरी सातबाऱ्यावर बायांची नावे शोधावीच लागतात. नवऱ्याने आत्महत्या केली आणि जमीन सासऱ्याच्या नावावर, अशी विधवा दारोदार फिरते. पाण्याचेही तसेच. १९७२ नंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांच्या डोक्यांवर वाटले, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. डोकी मोजायची ठरवली की बाईचे डोकेही मोजावेच लागते. आज थोड्या जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागते, तेव्हा पाणी पंचायतीचा प्रश्न जुना झाला असे कोण म्हणेल?

दुसरी, कामाचा हक्क आणि तिच्या हातातली मजुरी. अवर्षण आल्यावर कामे उघडायची की नाहीत हे कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको, ते कायद्याने बांधलेले हवे. हजेरीपटावर बाईचे नाव तिचे स्वतःचे हवे, जोडीने काम केले म्हणून नवऱ्याच्या नावात मिसळलेले नको, आणि पैसे तिच्या खात्यात हवेत. कामाच्या जागी सावली, पाणी आणि पाळणाघर हवे. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला खडी फोडायला न लावता मजुरी मिळाली पाहिजे, हे इथिओपियासारख्या गरीब देशाने करून दाखवले आहे. आपल्याला ते जमणार नाही असे म्हणायला तोंड राहिलेले नाही.

तिसरी, धान्य कोणते आणि कुणाच्या हातातले. दक्षिण इथिओपियात एन्सेट नावाचे केळीसारखे दिसणारे झाड आहे. त्याच्या बुंध्याचा आणि गड्ड्याचा गर बाया खरवडून काढतात, जमिनीतल्या खड्ड्यात आंबवतात आणि त्याची भाकर करतात. पाऊस कमी झाला तरी हे झाड टिकते, आणि गर महिनोन् महिने साठवता येतो. या झाडामुळे त्या भागातल्या माणसांनी अनेक वाईट वर्षे निभावून नेली आहेत. ते ज्ञान सगळे बायांचे. आपल्याकडे तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या आणि तिथली ज्वारी गावातच स्वतःच्या रेशनव्यवस्थेतून गरिबांना वाटली. बियाणे बाईच्या मडक्यात असते तेव्हा पेरणीचा निर्णयही थोडा तरी तिच्याकडे असतो. ते दुकानातल्या पाकिटात गेले की निर्णय कर्ज देणाऱ्याकडे जातो. २००७ साली मालीमध्ये जगभरच्या शेतकऱ्यांचा अन्नस्वायत्ततेचा मेळावा भरला, त्याला तिथल्या लोककथेतल्या न्येलेनी या कष्टकरी शेतकरी बाईचे नाव दिले होते, ते उगाच नव्हे.

चौथी, जाब विचारण्याची मोकळीक. वोलोत १९७३ साली सम्राटाने भूक झाकली, १९८४ साली सेनाधिकाऱ्यांनी झाकली आणि २०२१ साली तिग्राईत फोन बंद करून, पत्रकारांना अडवून ती झाकली गेली. जिथे वर्तमानपत्राला लिहिता येते, विरोधी पक्षाला बोलता येते आणि बायांना कचेरीपुढे ठाण मांडता येते, तिथे माणसे रस्त्यावर मरण्याआधी सरकारला हलावे लागते. म्हणून शांतता, निवडणुका आणि सभास्वातंत्र्य हे प्रश्न भाकरीच्या प्रश्नाहून वेगळे आहेत असे आपण मानू नये. ‘आधी पोट, मग स्वातंत्र्य’ असे जे सांगतात त्यांना विचारावे, की आवाज नसलेल्याचे पोट आजवर कुणी भरले आहे?

हे सगळे वाचून एखादी मैत्रीण म्हणेल, इथिओपिया लांब, कायदे दिल्ली-मुंबईत होतात, आम्ही आमच्या गटात काय करायचे? आमची सूचना साधी आहे. पुढच्या बैठकीत आपल्या गावाची एक वही करा. गावात किती जमीन बायांच्या नावावर आहे? टाकलेल्या, विधवा, एकट्या बायांपैकी किती जणींचे स्वतःचे रेशनकार्ड आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वयाने मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली; आपल्या गावात कार्डावर कुणाचे नाव आहे? गेल्या उन्हाळ्यात काम मागितले किती जणींनी आणि मिळाले किती जणींना? टँकर कुणाच्या दारात थांबला आणि कुठल्या वस्तीला वळसा घालून गेला? अंगणवाडीच्या तक्त्यावर कोणत्या घरच्या मुलांचे वजन घटले? आणि शेवटचा प्रश्न, जो एकमेकींनाच विचारायचा: आपल्या घरात शेवटी कोण जेवते आणि तिच्या वाट्याला काय उरते?

शेवटच्या प्रश्नावर हसू येईल, मग थोडा वेळ कुणी बोलणार नाही. तो वेळ जाऊ द्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे तलाठ्याकडून, रेशन दुकानातून, पंचायतीतून आणता येतील. या एकाचे उत्तर आपल्याकडेच आहे. हे सगळे वहीत उतरले की ती वही घेऊन पाऊस लांबण्याच्या आधी कचेरीत जा, विहीर आटल्यावर नव्हे.

पाऊस पुढेही चुकणार आहे. हवामान बदलते आहे, आणि ज्यांनी धूर कमी केला त्यांच्याच शेतावर त्याची झळ आधी पोहोचते आहे. तेव्हा पुढचे अवर्षण येईल ते येईलच. ते आपल्या चुलीपर्यंत पोहोचेपर्यंत मधल्या ठाण्यांवर कोण बसले आहे, याची यादी आपल्याजवळ तयार हवी. तुमच्या वहीतली पाने आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती आम्ही तुमच्याच शब्दांत छापू.